एक एडिशन खाली

धाकट्या जावयाच्या लॅपटॉपवर काय लिहिलं आहे ते थोरल्याने वाचलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

वाचायचं काही कारण नव्हतं. धाकटा फोनवर बोलायला बाहेर गेला होता, लॅपटॉप तसाच उघडा होता, आणि थोरल्याला दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय. पडद्यावर संगणकाची कसलीशी माहिती होती आणि तिच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, ‘एंटरप्राइझ एडिशन’. खाली दुकानात येऊन थोरल्याने आपल्या संगणकावर तीच माहिती खटपट करून शोधली. तिथे लिहिलं होतं, ‘होम एडिशन’. म्हणजे तो कंपनीवाला आणि आपण घरगुती! एवढीशी गोष्ट, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चारच दिवसांत त्याने एका ओळखीच्या दुकानदाराला गाठून आपल्या संगणकावरही एंटरप्राइझ एडिशन चढवून घेतली. दुकानदार म्हणाला, ही चाचणीपुरती आहे हं, मुदत संपली की त्रास देईल. थोरल्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कामात काडीचा फरक पडला नाही. पाट्या पूर्वीसारख्याच कोरल्या जात होत्या. पण रोज सकाळी तो एकदा ती माहिती उघडून बघायचा आणि मगच कामाला लागायचा.

दुकान सासऱ्यांचं. पितळेच्या पाट्या कोरायचं. दारावरच्या नावांच्या, कचेऱ्यांच्या, बक्षिसांच्या ढालींच्या. सासरे पूर्वी हे सगळं कोरणीने हाताने करायचे, आणि त्यांचं अक्षर असं की, लोक पाटी घरी नेऊन आठ दिवस दाराला न लावता नुसती टेबलावर ठेवून बघत. थोरला याच दुकानात कामाला म्हणून आला, इथेच शिकला, आणि मालकाच्या मोठ्या मुलीशी लग्न करून दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायला गेला. लोक पाठीमागे घरजावई म्हणत. म्हणोत बापडे. पण सासरे त्याला नोकर असताना ‘तू’ म्हणायचे ते जावई झाल्यावरही ‘तू’च म्हणत राहिले, आणि धाकटा जावई मात्र पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ आणि ‘जावईबापू’ झाला, हे शल्य त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

मग सासऱ्यांचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग इतका की, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. कोरायचं मशीन आलं, मशीन चालवायला संगणक आला, आणि त्यातली तयार अक्षरं बघून सासरे म्हणाले, ‘ही काय अक्षरं म्हणायची? चेहराच नाही त्यांना.’ तेव्हा थोरल्याने एक काम केलं, आणि ते खरोखर मोठं होतं. सासऱ्यांनी कोरलेल्या जुन्या पाट्या त्याने गावभर फिरून, दारोदार हात जोडून, दोन दिवसांसाठी म्हणून मागून आणल्या. एकेक अक्षर, एकेक वेलांटी त्याने त्यावरून संगणकात उतरवून घेतली. सासरे शेजारी बसून सांगायचे, इथे पोट जरा वाढव, इथे शेपूट इतकी लांब नको. दोन वर्षं गेली त्यात. आता मशीन कोरायचं ते सासऱ्यांच्याच हातचं. ज्या प्रोग्रॅममध्ये ही अक्षरं होती, तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. त्याची तबकडीही हरवली होती. म्हणजे तो प्रोग्रॅम होता तो त्या एका संगणकात. तिथून गेला की कायमचा गेला, आणि त्याच्याबरोबर सासऱ्यांचा हातही.

इतकं सगळं ज्याच्यात आहे, त्या संगणकाशी हा माणूस नुसत्या नावासाठी खेळला. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

चाचणीची मुदत संपली. संगणक दर तासाला आपला आपण बंद पडायला लागला. मशीन निम्मं नाव कोरून थांबे आणि पत्रा वाया जाई. आधी एका वकिलाची पाटी गेली, मग एका शाळेची ढाल गेली. तिसरी गेली ती धाकट्या जावयाच्या नव्या घराची. सासऱ्यांनी मोठ्या हौसेने ती करायला सांगितली होती. ती अर्धवट कोरलेली बघून थोरल्याला जितकं वाईट वाटायला हवं होतं, तितकं काही वाटलं नाही.

‘आता बोलावून घ्या त्यांना,’ बायको म्हणाली. ‘ते येऊन बघतील.’

‘त्याला कशाला? मी करतो काहीतरी.’

‘तुम्ही काहीतरी केलंत म्हणूनच ही वेळ आली ना?’

बायकोला सगळं माहीत होतं. बायकोला नेहमीच सगळं माहीत असतं. शेवटी सासऱ्यांनीच धाकट्याला फोन केला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटा आला. आल्या आल्या सासऱ्यांना वाकून नमस्कार, थोरलीला ‘ताई, तब्येत कशी आहे?’ आणि थोरल्याला ‘दादा’. या माणसात एक तरी खोट सापडली असती तर थोरल्याने त्याच्यावर जीव टाकला असता. पण नाही. बोलणं मऊ, हसणं मोकळं, आणि वर जाणकार.

त्याने संगणक सुरू केला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, ‘दादा, हे एंटरप्राइझ कुणी टाकलं याच्यात?’

‘काय माहीत. आपोआप आलं असेल. रोज काही ना काही येतच असतं त्याच्यात.’

धाकटा ‘हं’ म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. हेही थोरल्याला टोचलं.

‘बाबा, असं आहे,’ धाकट्याने सासऱ्यांकडे खुर्ची वळवली. ‘या संगणकाचा खरा परवाना होम एडिशनचा आहे. म्हणजे याला एक पायरी खाली उतरवायचं. सरळ रस्ता म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकायचं. पण मग तुमचा अक्षरांचा प्रोग्रॅम जाणार.’

‘मग?’

‘एक आडवाट आहे. संगणकाने आत एका जागी स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं असतं. तिथे आपण आपल्या हाताने एंटरप्राइझ खोडून होम लिहायचं. मग होमचा सेटअप चालवायचा. सेटअप आधी ते नाव वाचतो. ओळखीचं नाव दिसलं की म्हणतो, हा आपलाच माणूस, याचं सामान राहू दे. नाव वेगळं दिसलं तर सामान ठेवायचा पर्यायच देत नाही.’

‘धोका नाही ना?’ थोरल्याने विचारलं. धोका असता तर त्याला बरं वाटलं असतं.

‘तुमच्या संगणकावर एकदम प्रयोग नको म्हणून काल रात्री माझ्या लॅपटॉपवर करून बघितलं, दादा. सगळं जागच्या जागी राहिलं.’ आणि त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. तिथे लिहिलं होतं, ‘होम एडिशन’.

सासरे धाकट्याच्या पाठीवरून थरथरता हात फिरवत म्हणाले, ‘असं असावं माणसाने. आधी स्वतःवर करून बघितलं!’

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या नावासाठी आपण हा उपद्व्याप केला, ते नाव याने सहज खाली ठेवून दिलं होतं. चढण्यात हा पुढे. आता उतरण्यातसुद्धा हा पुढेच!

धाकट्याने आतली ती जागा उघडली, नाव बदललं आणि पेनड्राइव्हमधून सेटअप संगणकात उतरवायला लावला. त्याला थोडा वेळ लागणार होता. ‘आता एकच गोष्ट,’ तो म्हणाला. ‘सेटअप सुरू होईपर्यंत संगणक बंद करायचा नाही. बंद होऊन परत सुरू झाला की त्याला आपलं पहिलं नाव आठवतं, आणि मग सगळं मुसळ केरात. आत्ताच सुरू केलाय, म्हणजे तासभर तरी तो आपणहून पडणार नाही. तेवढ्यात होऊन जाईल.’

वरून बायकोने जेवायला हाक मारली.

दुकानाचा एक नियम होता. पितळेचा कीस बारीक असतो, बोटांच्या रेषांत बसतो, पोटात गेला तर वाईट. म्हणून वर जेवायला जाण्याआधी खालच्या नळावर साबणाने हात धुवायचेच. खाली टॉवेल ठेवलेला नसे, कारण टॉवेललाही कीस चिकटतो. ओले हात तसेच घेऊन जिना चढायचा आणि वरच्या टॉवेलला पुसायचे. सासरे आणि धाकटा हात धुऊन वर गेले.

‘व्हा पुढे,’ थोरला म्हणाला. ‘मी आलोच हात धुऊन.’

तो संगणकासमोर उभा राहिला. सेटअप उतरून झाला होता. त्याला काही फार मोठं पाप करायचं नव्हतं. एवढंच व्हावं की, धाकट्याला जमू नये. त्याने कपाळावरचा घाम पुसावा, ‘दादा, नाही हो जमत’ म्हणावं, आणि पिशवी उचलून घरी जावं. मग आपण कुणाला तरी आणू, दुरुस्त करून घेऊ. त्याने माउस हातात घेतला आणि संगणक बंद करून परत सुरू केला. पडदा पूर्वीसारखा दिसायला लागेपर्यंत तो थांबला, मग दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला आणि ताटावर बसला. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापून घेणारी माणसं असतात, ती नाक कापताना अशीच घाईत असतात.

जेवताना सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. बाकी सगळं बोलणं धाकट्याच्या नव्या घराचं चाललं होतं.

जेवून सगळे खाली आले. थोरलीही कुतूहलाने आली. धाकट्याने सेटअप सुरू केला. काय ठेवायचं असं विचारणारी पाटी पडद्यावर आली. ‘फायली आणि प्रोग्रॅम ठेवा’ ही ओळ राखाडी, मेलेली. ती दाबली जाईना.

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने मागे जाऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. ‘असं व्हायला नको होतं,’ तो पुटपुटला. ‘माझ्याकडे तर झालं. या संगणकाला चालत नाही की काय?’

थोरल्याला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. त्याने चेहरा गंभीर ठेवला आणि म्हणाला, ‘असू दे हो. सगळ्यांना सगळं येतंच असं नाही.’

‘पुसायचंच म्हटलं तर चालेल ना ते?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘चालेल, पण बाबा, मग अक्षरं...’

‘जाऊ देत,’ सासरे शांतपणे म्हणाले. ‘दुकान असं किती दिवस बंद ठेवणार? पुसून टाका. हातच गेला, तर अक्षरं तरी कशाला धरून ठेवायची?’ आणि ते थोरल्याकडे वळले. ‘काय, थोरले जावईबापू? तुमचं काय म्हणणं?’

तुम्ही! आयुष्यात पहिल्यांदा. ज्यासाठी इतकी वर्षं जीव जाळला ते मिळालं, आणि ते अशा वेळी. हे असं व्हायचं नव्हतं. धाकट्याने हरून घरी जायचं होतं, अक्षरं कुठे जायची होती? दारोदार फिरून आणलेल्या पाट्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. ‘थांबा’ म्हणायचं होतं. पण ‘का?’ असं कुणी विचारलं तर?

‘बोला की,’ सासरे म्हणाले.

तो बोलला नाही.

धाकट्याने माउस हलवला, आणि मग मध्येच थांबला. त्याने दुसरंच काहीतरी उघडलं. संगणक किती वेळ सलग सुरू आहे ते तिथे लिहिलेलं होतं. सकाळी सुरू केलेला संगणक तिथे जेवणाच्या वेळेपासूनच सुरू असल्याचं दिसत होतं. धाकट्याने मान वळवून थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने छताकडे बघितलं.

‘बाबा, थांबा,’ धाकटा म्हणाला. ‘चूक माझी आहे. वर जाताना मीच सवयीने संगणक बंद करून सुरू केला असणार. म्हणून त्याला जुनं नाव आठवलं. काही पुसायला नको, पुन्हा करू. माफ करा.’

सासऱ्यांचा चेहरा उजळला. ‘वा! चूक पटकन कबूल करायला छाती लागते, जावईबापू. भल्याभल्यांना जमत नाही.’

आणि इथे थोरल्याचा बांध फुटला. अक्षरं वाचली होती, आपणही वाचलो होतो, गप्प बसला असता तर कुणाला काही कळलंही नसतं. पण त्याला ते सहन होईना. काम याचं, गुण याचे, आणि आता आपण केलेल्या चुकीचं कौतुकही यानेच घ्यायचं?

‘याने नाही केलं!’ तो ओरडला. ‘मी केलं! मी बंद केला संगणक!’

‘दादा, कशाला माझी चूक अंगावर घेताय?’

‘तुझी कुठली? माझी आहे! तू तर माझ्याआधी वर गेलास. तुला बघवत नाही का माझं काही?’

‘अहो पण मीच...’

‘गप रे! मी म्हणतो ना, मी केलं!’

थोरलीने कपाळाला हात लावला. ‘चुकीच्या वाटणीवरून भांडणारे साडू मी जन्मात पहिल्यांदा बघतेय,’ ती म्हणाली आणि चहा टाकायला वर निघून गेली.

धाकट्याने पुन्हा नाव बदललं आणि लगेच सेटअप लावला. या वेळी ती ओळ जिवंत होती. ‘फायली आणि प्रोग्रॅम ठेवा.’ त्याने ती दाबली. ‘आता बराच वेळ चालेल,’ तो म्हणाला. ‘मध्ये मध्ये बंद पडून सुरू होईल, त्याला काही करू नका.’ मग तोही चहाला वर गेला. सासरे उठले नाहीत. थोरलाही उठला नाही.

पडद्यावर आकडा सरकत होता. सासरे त्याच्याकडे बघतच म्हणाले, ‘खाली हात धुवायला राहिलास आणि वर आलास कोरडाच. ताटावर बसलास तेव्हा बोटांना कीस होता.’

थोरल्याने मान खाली घातली. ‘तेव्हाच का नाही बोललात?’

‘तू बोलतोस का ते बघत होतो.’

‘आणि पुसून टाका म्हणालात ते?’

‘ते खरंच म्हणालो. ज्याच्या हाती माझी अक्षरं दिली, त्यालाच ती नको असतील, तर ठेवून काय करायचीत?’

थोरल्याचे डोळे भरून आले. इथे खोटं बोललं तर चालेल, सासरे मानतीलही, असं त्याला वाटलं. पण त्याच्याने ते झालं नाही. ‘बाबा, मी अक्षरांसाठी नाही बोललो. त्याचं कौतुक झालेलं बघवलं नाही, म्हणून बोललो.’

‘ते काय मला कळत नाही? तुझा स्वभाव मी आज बघतोय का?’ सासरे हसले. मग हसू ओसरलं. ‘पण एक सांग. तो बोलला नसता, तर तू बोलला असतास?’

थोरल्याने खूप विचार केला. ‘माहीत नाही, बाबा.’

सासऱ्यांनी मान हलवली. मग ते पुन्हा पडद्यावरचा आकडा बघायला लागले.

संगणक बंद पडला, सुरू झाला, पुन्हा पडला, पुन्हा सुरू झाला. शेवटी नेहमीचा पडदा आला. थोरल्याने आधी अक्षरांचा प्रोग्रॅम उघडला. उघडला! वेलांट्या, उकार, पोटं, शेपट्या, सगळी आपापल्या जागी होती. मग त्याने ती माहिती उघडली. ‘होम एडिशन’. त्याला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर किंचित वाटलं.

‘धाकट्याची पाटी लाव,’ सासरे म्हणाले.

त्याने नवा पत्रा मशीनवर घट्ट बसवला आणि मशीन सुरू केलं. धाकटा दुसऱ्या चहाचा कप घेऊन खाली आला आणि दारात उभा राहून बघत राहिला. तास होऊन गेला तरी संगणक बंद पडला नाही. नाव पूर्ण झालं. सासऱ्यांनी पाटी उजेडात धरली, ती त्यांच्या हातात थरथरत होती, पण त्यावरची अक्षरं ठाम होती. ‘झकास,’ ते म्हणाले. धाकट्याने पाटी घेतली आणि ‘दादा, याच्यावर हात फिरवावासा वाटतो हो’ म्हणाला. थोरल्याला बरं वाटलं आणि तेवढंच वाईटही वाटलं. इतक्या सुंदर अक्षरात नाव, आणि ते याचं!

धाकटा गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, ‘तुझी पाटी कुठे आहे?’

‘माझी कुठली? दारावर तुमची आहे ना.’

‘इतक्या लोकांची नावं कोरलीस, स्वतःचं एकदाही कोरलं नाहीस?’

‘तुम्ही कधी सांगितलं नाहीत.’

‘आता सांगतो. कोर.’

थोरल्याने घाईघाईने पत्रा घेतला, माप टाकलं आणि खुणेची रेघ मारली. सासरे मागून वाकून बघत होते.

‘किती घेतोयस?’

‘जरा मोठा घेतलाय.’

‘त्याच्यापेक्षा?’

‘बोटभर.’

‘एक बोट कमी कर,’ सासरे म्हणाले. ‘माझ्या पाटीखाली तेवढीच जागा आहे.’

थोरल्याने त्यांच्याकडे बघितलं. मग रेघ पुसून बोटभर आत घेतली, आणि जास्तीचा पत्रा कापून टाकला. नाव अख्खंच्या अख्खं बसलं.